आईच्या पोटातला फोड

हे कुणासाठी लिहिते आहे ते आधीच सांगते. ज्यांना शौचावाटे रक्त जातंय आणि जे सहा महिन्यांपासून सुरण खाऊन ते थांबायची वाट बघतायत, त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या घरात कुणीतरी ‘पोटाच्या आजारानं’ गेलं, पण नेमकं कशानं हे विचारलं की वडीलधारी माणसं विषय बदलतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच. नाजूक बोलणं मला जमत नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर संडासात लक्षात येणारा आजार आहे, तेव्हा लिखाणात संडास येणार. चहा पीत वाचणाऱ्यांनी चहा आधी संपवावा.

पुड्या

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवण तपासायचं काम करायची. प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडून गुंडाळ्या करायच्या, उबदार कपाटात ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी उघडून किती उगवले, किती वेडेवाकडे आले, किती मेले ते लिहायचं. त्यावरून पिशवीचं लेबल ठरायचं. साहेबानं कितीही डोळे वटारले तरी मी आकडा बदलायची नाही. माझ्या पाठीमागं मला ‘हट्टी बाई’ म्हणायचे, हे मला माहीत होतं आणि आवडायचंही.

स्वतःच्या बाबतीत मात्र मी सगळे नियम गुंडाळून ठेवले. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बादलीभर पाणी ओतलं आणि कामाला गेले. दुसऱ्यांदाही तेच केलं. दोन महिन्यांनी ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणाले, “डॉक्टरला दाखवू.” मी म्हटलं, “मूळव्याध आहे. बसून काम करणाऱ्याला होतेच.” बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, फर्स्ट क्लास! पण त्या बाजूची तपासणी म्हटली की पदवी मागं आणि लाज पुढं, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

माझं माहेर वडीगोद्रीजवळ. रस्त्याला लागून दादाचं खताचं दुकान, मागं घर आणि शेत. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील साप चावून लवकर गेले. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकटी लता दहावीत. आम्हा दोघींना दादानंच मार्गी लावलं. त्या वर्षी राखीला गेले तर तो माझ्याकडं बघतच राहिला.

“विजे, पांढरीफटक पडून राह्यलीस. काय होतंय?”

मी मान खाली घालून सांगितलं. मान खाली असल्यामुळं त्याचा चेहरा मला दिसला नाही.

पुढच्या रविवारी तो स्वतः जालन्याला आला. अंबडकडच्या कुणा वैदूकडून पुड्या आणल्या होत्या. “ताकातून घे. तिखट बिलकुल बंद. मूळव्याधच हाय, दुसरं काही न्हाई,” असं तो म्हणाला आणि निघताना दारात पुन्हा म्हणाला, “दुसरं काही न्हाई.”

भाऊ एवढ्या लांबून औषध घेऊन आला, याचं कौतुक मी गल्लीभर सांगितलं. चार महिने त्या पुड्या घेतल्या.

मी बाहेर

कपाशीच्या बियाण्याच्या ऐन घाईत मी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडले. अंगात रक्तच उरलं नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं, दोन मिनिटांत हात धुतले आणि औरंगाबादला दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. दुर्बीण म्हणजे शौचाच्या वाटेनं आत घालायची कॅमेऱ्याची नळी. आदल्या दिवशी पोट साफ करायला जे पाजतात, त्यापुढं तपासणी काहीच नाही. लाज तर पहिल्या पाच मिनिटांतच संपते. उगीच वर्षभर जपली होती.

रिपोर्टच्या दिवशी दादाही आला. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं आणि मला म्हणाले, “ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. मिस्टर आणि भाऊ थांबतील.”

पोट माझं, गाठ माझी, तुकडा माझ्या आतड्याचा, आणि बाहेर बसायचं मीच! मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं. ते दोघं बाहेर आले तेव्हा दादा जोरात म्हणाला, “साधी गाठ हाय. काढून टाकतेत. चल, उसाचा रस पिऊ.”

रस्त्यावर आल्यावर तो रस सांगायला गेला. हे माझ्याजवळ उभे राहिले. ह्यांना खोटं बोलता येत नाही, शाळेतल्या पोरांनाही ते माहीत होतं.

“विजया, कॅन्सर आहे,” ते म्हणाले. “ऑपरेशन करायचंय. बरं व्हायची आशा आहे म्हणाले. तुझे दादा म्हणत होते, सांगू नका, धसका घेईल. पण उद्यापासून तुझ्याकडं बघणार कसा मी?”

एवढ्या सगळ्यात मला खरं सांगणारा हा एकच माणूस निघाला. तेव्हा मात्र मला त्यांचा रागच आला. मनात पहिला विचार आला तो असा, की कपाटातल्या बाजरीच्या गुंडाळ्या मंगळवारी उघडायच्या आहेत आणि नव्या पोरीला वेडेवाकडे कोंब ओळखता येत नाहीत. रस आला. मी पूर्ण ग्लास प्यायले.

पिशवी

ऑपरेशनच्या आधी मी घाबरले होते, हे कबूल करते. देवाला मी फारसा त्रास देत नाही, पण त्या सकाळी स्ट्रेचरवर मी आईला हाक मारली. तिला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

शुद्धीवर आले तर पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी. आतडं लगेच जोडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढलं होतं. शौच आता तिथून, आपल्या मर्जीशिवाय. भेटायला आलेल्या माणसांसमोर ती पिशवी आवाज करायची. पहिल्या दिवशी मी रडले. शेजारच्या खाटेवर परतूरकडच्या शेवंताबाई होत्या. त्यांचं दुसरं ऑपरेशन होतं. त्या म्हणाल्या, “बाई, रडून काय व्हतंय? माझी पिशवी तर भजनाच्या टायमाला बराबर सूर लावायची.” मग दोघींच्याही टाक्यांना हसून कळ लागली. पिशवी कशी धुवायची, कडेला मलम कसं लावायचं, कुठल्या बाजूला निजायचं हे मला नर्सनं सांगितलं, पण शिकवलं शेवंताबाईंनी.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे झाडूवाली, मग ताप बघणारी, मग दहा विद्यार्थी घेऊन मोठे डॉक्टर. ते माझ्या पोटाशी बोलायचे, माझ्याशी नाही. दुपारी दादा डबा घेऊन यायचा. वहिनीच्या हातची मऊ खिचडी असायची. माझ्या पायाशी बसून तो पेपर वाचायचा. मला वाटायचं, बाप असता तर असाच बसला असता.

कुणी न धाडलेला निरोप

पाचव्या-सहाव्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई फाइल भरायला आल्या.

“घरात आणखी कुणाला असा आजार?”

“नाही.”

“आई-वडील?”

“वडील साप चावून गेले. आई पोटातल्या फोडानं गेली.”

“कसला फोड? वय काय होतं?”

“सत्तेचाळीस. फोड म्हणजे फोड. आत फुटला.”

त्यांचं पेन थांबलं. दादा पायाशीच उभा होता. त्यांनी त्याला विचारलं, “त्यांचे कागद आहेत का?”

“जुनी गोष्ट हाय. कागद कुठले राह्यतेत,” असं म्हणून दादा पाण्याची बाटली भरायला गेला. बाटली भरलेलीच होती.

मी त्या बाईंना सरळ विचारलं, “माझ्याच पेशी माझ्यावर का उलटल्या?” त्यांनी मला काय काम करता म्हणून विचारलं. उगवण तपासते म्हटल्यावर स्टूल ओढून बसल्या.

“मग तुम्हीच सांगा, कोरडा दाणा वर्षभर गप्प असतो, तो पाणी लागलं की जागा कसा होतो?”

तोंडी परीक्षाच! मी सांगितलं, की पाणी मिळालं की दाण्यातला अंकुर एक संप्रेरक सोडतो. ते सालीखालच्या थराला जाऊन पोचतं. तिथल्या पेशींमधली एरवी बंद असलेली जनुकं उघडतात, पिठाची साखर करणारं विकर तयार व्हायला लागतं आणि त्या साखरेवर कोंब वाढतो.

“झालं तर,” त्या म्हणाल्या. “आतड्यातही असंच निरोपावर चालतं. अस्तर दर काही दिवसांनी झडतं. नव्या पेशी बनवा, असा निरोप शेजारच्या पेशींकडून येतो. दारावरचा एक तो घेतो, आतल्याला सांगतो, तो पुढच्याला, आणि शेवटचा निरोप्या केंद्रकात जाऊन वाढीची जनुकं उघडतो. बाहेरून निरोप नसतो तेव्हा या शेवटच्याला एक राखणदार धरतो आणि मोडीत काढायला लावतो. मग जनुकं बंद राहतात.”

“आणि माझ्यात?”

“राखणदार कसा बनवायचा, हे ज्या जनुकात असतं त्याच्या दोन प्रती असतात. तुमच्यात एक बहुधा जन्मापासूनच बिघडलेली आहे. दुसरी पुढं कधीतरी एखाद्या पेशीत बिघडली. आता निरोप्याला अडवणारं कुणी नाही. कुणी काही सांगितलेलं नसतानाही तो आत जातच राहतो, जनुकं उघडीच राहतात आणि पेशी वाढतच जातात. आधी छोटा मांसाचा कोंब होतो, त्याला पॉलिप म्हणतात. मग आणखी बिघाड साठत साठत, वर्षांनुवर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. तुमच्या आतड्यात गाठीशिवाय असे बरेच कोंब सापडले. म्हणून घरातल्यांबद्दल विचारलं.”

परतीचा पाऊस लांबला की ज्वारीचे दाणे कणसातच उगवतात. कुणी पेरलेलं नसतं, वेळ झालेली नसते. तो लॉट मी डोळे झाकून नापास करायची. माझ्या आत तेच होत होतं हे समजलं आणि मला जरा बरं वाटलं, निदान ते कसं होतं हे तरी कळलं. पण एक शब्द कुसळासारखा रुतून बसला.

“वर्षांनुवर्षांनी म्हणालात. म्हणजे आधी कळलं असतं तर?”

“कोंब असतानाच दुर्बिणीतून काढून टाकता आला असता,” त्या म्हणाल्या आणि लगेच पुढचं बोलल्या. “जनुकाची तपासणी आपल्याकडं होत नाही. पण तुमच्या भावंडांनी दुर्बीण करून घ्यायलाच हवी. लवकर.”

दादा परत आल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. “तुला आणि लताला तपासून घ्यावं लागेल.” तो म्हणाला, “बघू. तू आधी बरी हो.” आणि पेपर उघडला.

वहिनी बोलून गेल्या

टाके काढल्यावर मी पंधरा दिवस माहेरी राहायला गेले. दुखणाईत लेक माहेरीच बरी होते, अशी आमच्याकडची रीत. वहिनींनी माझं सगळं केलं, पिशवीसुद्धा हाताळली, नाक मुरडलं नाही.

एका सकाळी वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हटलं, “वहिनी, मला दादाची काळजी वाटते. तो तपासणीचं नावच काढत नाही.”

“त्यांची नका करू काळजी, वन्सं,” वहिनी सहज म्हणाल्या. “त्यांचं तर दर दोन वर्साला करतेत की दुर्बिणीनं. दोनदा कोंब निघाले, काढून टाकले. सांजच्याला घरी.”

“कुणाचं?”

“तुमच्या दादांचं. सासूबाई गेल्या तवाच डाक्टरनं सांगितल्तं न्हाई का, आतड्याचा कॅन्सर हाय, समद्या लेकरांची तपासणी करा म्हून?” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हातातली शेंग तशीच राहिली. “वन्सं, तुम्हाला ठाऊक न्हाई?”

दर दोन वर्षांनी दादा औरंगाबादला ‘खत डीलरांच्या मीटिंगला’ जायचा. एकदा तिथून येताना त्यानं माझ्यासाठी हिमरू शाल आणली होती. ती मी हॉस्पिटलातसुद्धा बरोबर नेली होती.

माझ्या पेशींनी मला फसवलं, असं मी महिनाभर म्हणत होते. त्या बिचाऱ्यांना काय कळतं? त्यांच्यात कुणी न धाडलेला निरोप पोचत होता. आमच्या घरात डॉक्टरनं स्पष्ट शब्दांत धाडलेला निरोप एका माणसानं बावीस वर्षं खिशात ठेवला होता.

दादा

मी पोटावर हात धरून दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दादानं माझं तोंड बघितलं आणि ओळखलं.

“आईला काय झाल्तं?” मी विचारलं.

तो म्हणाला, “तुझी सुपारी फुटलेली होती विजे. पाव्हणे नावाजलेले. घराण्यात रोग हाय म्हणलं असतं तर तुझं मोडलं असतं, अन् लताला कोण करून घेणार होतं? दोघी घरात बसल्या असत्या. मंग मी ‘पोटातला फोड’ म्हणलं. समद्यांनी मानलं.”

“माझं लग्न झाल्यावर सांगायचं होतंस.”

“मंग लताचं राह्यलं होतं.”

“लताचं झालं त्याला एकोणीस वर्षं झाली.”

“मंग...” तो खताच्या पोत्याकडं बघत होता. “मंग सांगायचं कसं, तेच कळंना. जितके दिस गेले तितकं अवघड होत गेलं.”

“आणि तू स्वतः मात्र नळी घालून घेत होतास.”

“मला रक्त पडल्तं. घाबरलो मी.”

“मला पण पडल्तं, दादा. तुला सांगितलं होतं. तू मला पुडी दिलीस.”

यावर तो रडला. पन्नाशीचा माणूस, गल्ल्यावर डोकं ठेवून. “मला वाटलं खरंच मूळव्याध असंल,” तो म्हणाला. “तसं व्हावं म्हून दिली.”

मला त्याची दया आली का, असं मला विचारतात. आली. त्या दयेनं राग तसूभर कमी झाला नाही. ज्या माणसानं मला शिकवलं, माझ्या लग्नात कर्ता होऊन उभा राहिला, त्यानंच माझ्या आतड्यात काय उगवत असेल हे ठाऊक असताना ते ताकातून बरं करायला सांगितलं. शत्रूनं असं केलं असतं तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

निघताना मी म्हटलं, “लताला आजच सांगायचं.”

तो एकदम उठला. “मनीषाचं जमून राह्यलं. येत्या महिन्यात सुपारी. तेवढं होऊ दे विजे, तुझ्या पाया पडतो. मंग काय सांगायचं ते सांग.”

मनीषा लताची लेक. नुकती अठरा पुरी झाली होती. ज्या वाक्यानं माझी बावीस वर्षं खाल्ली, तेच वाक्य आता लताच्या लेकीच्या नावानं माझ्यासमोर उभं होतं. आज मनीषाची सुपारी, मग लग्न, मग बाळंतपण, सांगायला बरी वेळ कधीच येणार नव्हती.

पत्र

लता दिली आहे जांब समर्थच्या बाजूला. त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडं फोन केला की लता यायची, पण तिच्यामागं सासू उभी असायची. मी दोनदा केला. दोनदा “बरी आहे का, जेवलीस का” एवढंच झालं. जाऊन सांगावं म्हटलं, तर तोवर सलाइनमधून औषधं द्यायला सुरुवात झाली होती. महिन्यातले पाच दिवस सुई, मग दहा दिवस तोंडात फोड. ताकात कुस्करलेली भाकरीसुद्धा काचेसारखी लागायची. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. हे जायला तयार होते, पण मेहुणीला संडासातल्या रक्ताबद्दल विचारणार कसे?

मग मी पत्र लिहिलं. निळं आंतरदेशीय. लताच्या घरी आलेलं कुणाचंही पत्र तिचे सासरे फोडतात आणि ओसरीवर मोठ्यानं वाचतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. निवृत्त मास्तर, स्वच्छ आवाज. म्हणून आम्ही लताला कधी मनातलं लिहायचो नाही. यावेळी मी मुद्दाम लिहिलं. एकट्या लताला सांगितलं असतं तर तिनं ते पदराखाली ठेवलं असतं, कारण औरंगाबादला जायचं तर सासऱ्यांची परवानगी लागते. आईला काय होतं, मला काय झालं, दादाला काय निघालं, सगळं लिहिलं. ‘लताला आणि पुढं मनीषालाही तपासणी लागेल’ हेही लिहिलं. दादाबद्दल दोन ओळी जास्तच लिहिल्या गेल्या. त्या रागाच्या होत्या. त्यांची गरज नव्हती.

पत्र पोचलं त्या दिवशी ओसरीवर मनीषाच्या होणाऱ्या सासरचे मामा चहा घेत बसले होते. मास्तरांनी सवयीनं फोडलं आणि वाचायला लागले. लता आत चुलीपाशी ऐकत होती. मामांनी कप खाली ठेवला आणि चप्पल घातली.

चार दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून लता बोलली.

“ताई, माझ्या लेकीचं वाटोळं केलंस. दादानं इतकी वर्सं झाकलं. तुला एक महिना झाकता आलं न्हाई?”

“लता, दुर्बीण करून घे.”

“मरू दे मला. तुला फोन करायची ही शेवटची बारी.”

तिनं शब्द पाळला. दादानं निरोप धाडला, “झालं का समाधान?” त्याची भीती खरी ठरली होती, हे मला मान्य करावं लागलं. मनीषाला मोडलेल्या सुपारीची पोरगी म्हणून घरात बसावं लागलं, ते माझ्या अक्षरामुळं. सहा महिने औषधं घेताना मला उलटीपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला. मी लताशी जे केलं तेही तिच्या पाठीमागंच केलं होतं. तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी. आमच्या घराण्यात हेही जन्मापासूनच येत असावं.

पाकीट

पिशवी निघाली, आतडं जोडलं, औषधं संपली. मी पुन्हा कामाला लागले. दादाकडं भाऊबीजेला जाते, ओवाळते. तो ताटात साडी ठेवतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो. त्याच्या हातचं औषध मात्र, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा, मी घेत नाही. तोही आता देत नाही.

पत्रानंतर वर्षभरानं माझ्या नावानं एक पाकीट आलं. अक्षर मास्तरांचं. आत लताच्या दुर्बिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स होती. सासऱ्यांनी तिला नेलं होतं. जे सगळ्या ओसरीनं ऐकलं ते नाही म्हणायला त्यांना जमलं नसावं. पॉलिप सापडले होते, काढले होते. एक बिघडायच्या वाटेवर होता असं तिथं इंग्रजीत लिहिलं होतं. ती ओळ मी बोट ठेवून तीनदा वाचली. पाकिटात चिठ्ठी नव्हती.

त्यानंतर दर दोन वर्षांनी पाकीट येतं. मास्तर वारले, तेव्हापासून पत्त्यावरचं अक्षर लताचं असतं. आत एक झेरॉक्स, बाकी काही नाही. मी उत्तर लिहिते. तिचं उत्तर येत नाही.

यंदाचं पाकीट हाताला जाड लागलं. मला वाटलं, लिहिलं शेवटी तिनं काहीतरी. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच फोडलं. दोन रिपोर्ट होते. एक लताचा. दुसरा मनीषाचा, आणि तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लावलेलं. तिचं लग्न झालं हे मला असं कळलं. खाली, सोबत आलेल्या नातेवाइकाच्या रकान्यात सही सासूची होती. म्हणजे तिच्या घरी माहीत होतं. दोन छोटे पॉलिप, काढले.

मी पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.